चार बोटं दिवस

पायगोंडाअण्णांच्या मनगटावर घड्याळ असायचं, पण ते निव्वळ शोभेला. वेळ बघायची झाली की अण्णा उजवा हात पश्चिमेकडं ताठ लांबवायचे, पंजा आडवा धरायचे, अंगठा मुडपायचे आणि सूर्य व जमिनीची कड यांच्यामध्ये किती बोटं बसतात ते मोजायचे. एका बोटाला पाव तास. "तीन बोटं दिवस हाय अजून," असं म्हणाले की समजायचं, पाऊण तास उरला. आता अण्णांची बोटं म्हणजे राजेळी केळी. त्यांच्या पाव तासात आमची वीस मिनिटं मांडी घालून बसायची. त्यामुळं सांगलीकडं दिवस साताऱ्यापेक्षा उशिरा मावळतो, असा माझा बरीच वर्षं प्रामाणिक समज होता.

अण्णा जैन. मिरजेजवळ द्राक्षाची बाग, बागेला लागून बेदाण्याचं शेड, शेडपुढं झाडून-सारवून आरशासारखं केलेलं खळं. दिवस मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा घोट नाही. हे व्रत पाळणारी घरं आमच्याकडं पुष्कळ आहेत, त्यात नवल नाही. नवल हे, की अण्णा ते बॅटरीलाही लावायचे. दिवस मावळला की चार्जिंग बंद. समोर प्रत्यक्ष कलेक्टर मोबाईल घेऊन उभा राहिला असता, तरी अण्णांनी त्याला सकाळी यायला सांगितलं असतं.

मी उंब्रजचा. हायवेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानामागं मोकळी जागा आहे, तिथं आम्ही काही बिनकामाचे लोक रिमोटच्या मोटारी पळवतो. यांना खेळणं म्हटलेलं आम्हाला खपत नाही. वीतभर उंचीची, रबरी टायरची, स्प्रिंगवाली गाडी असते आणि ती अशी सुटते की माझी एक गाडी एकदा कऱ्हाडला जाऊन, डिझेलचे भाव विचारून परत आली होती. फक्त बॅटरी वीस मिनिटांत उतरते. मग ती चार्जरला लावायची. आणि हे चार्जर थेट भिंतीतल्या बटणाला लागत नाहीत. मध्ये एक डबा लागतो, घरातली वीज पचवून बारा-चोवीस व्होल्टचा मऊ घास करून चार्जरला भरवणारा. त्याला आम्ही सप्लाय म्हणतो. लोक गाडीवर जीव टाकतात, चार्जर निवडताना रात्रंदिवस मोबाईलमध्ये डोकं घालतात आणि सप्लाय म्हणून घरात जे पडलं असेल ते लावतात. मीही लावलं होतं. जुन्या लॅपटॉपचा ॲडॅप्टर, आणि त्याच्यावर तीन चार्जर.

अण्णा पहिल्यांदा आमच्याकडं शर्यतीला आले, ते धोतर, पांढरी टोपी आणि काखेत तपकिरी गाडी अशा थाटात. आपटून आपटून त्या गाडीच्या टपाला इतक्या सुरकुत्या पडल्या होत्या, की तिचं नाव त्यांनी 'बेदाणा' ठेवलं होतं. आल्या आल्या त्यांनी माझ्या ॲडॅप्टरवर तळहात ठेवला आणि झटक्यात काढून घेतला.

"काय रं हणमा, ह्येच्यावर पापड भाजतोस का काय?"

"आवं अण्णा, जरा गरम होतोय, पण चालतोय की. लिहिलंय बघा त्येच्यावर, नव्वद वॅट."

"लिव्हलेलं म्हंजे लग्नाच्या बायोडाट्यातली उंची. त्यातनं दोन इंच वजा करायची. तीन जेवणारं बसीवलंस, आन् भाकरी थापतोस दीड माणसाची."

मी हसलो. तेवढ्यात ॲडॅप्टरनं एक लहानसा आवाज केला, म्हाताऱ्यानं खुर्चीत बसताना करावा तसा, आणि प्राण सोडला. त्यातून जो धूर निघाला, तो पाहून समोरच्या ढाब्यावरच्या दोन ट्रकवाल्यांनी आपापली बॉनेटं उघडून बघितली. अण्णांनी पश्चिमेकडं हात लांबवला, बोटं मोजली आणि गंभीरपणे म्हणाले, "दोन बोटं दिवस असताना गेला. चांगलं मरण आलं."

माझी त्यांची दोस्ती त्या धुरात जमली.

पुढं अण्णांनी स्वतःच्या खळ्यावर शर्यत भरवायचं ठरवलं. मे महिन्यात बेदाणा उतरून जातो, शेड रिकामं होतं, खळंही मोकळं. बक्षीस म्हणजे त्यांच्याच शेडमधली बेदाण्याची पेटी. पण गाड्यांच्या आधी अण्णांना सप्लायची काळजी. मला बोलावून घेतलं आणि आम्ही मिरजेला शौकतभाईंकडं गेलो. शौकतभाई विहिरीच्या मोटारी भरून देतात, लग्नातल्या रोषणाईची दुरुस्ती करतात आणि त्यांच्या दुकानात शिरायला आडवं व्हावं लागतं, इतका माल भरलेला असतो. त्यांनी तीन डबे काढून मांडले. एक हलका, चकचकीत. दुसरा रोषणाईवाल्यांचा, जाळीच्या पत्र्याचा. तिसरा कुठल्याशा मोठ्या कंपनीच्या कॉम्प्युटरमधून निघालेला, लांबट आणि काळा, रेड्यासारखा.

"गाड्या किती अण्णा तुमच्या?"

"एक."

"मग ह्यो चकचकीत घ्या. आवाज न्हाई, वजन न्हाई, खिशात मावतंय."

"आन् पाव्हणं?"

"कसलं पाव्हणं?"

"आरं शौकत, माज्या खळ्यावर माणूस लांबनं गाडी घेऊन आला, त्येची ब्याटरी उतरली, तर त्येला काय म्हणू? माजी जेवली, तू बस टाळ्या वाजवत?"

"किती येणार पाव्हणं, त्ये तर सांगा."

"त्ये पाव्हण्याला तरी म्हाईत असतंय व्हय?"

शौकतभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. शेवटी हिशेब पंगतीच्या भाषेत झाला. एका चार्जरला शंभर वॅट धरायचे. सात जण नक्की येणार. "म्हंजे सातशे," शौकतभाई म्हणाले. अण्णांनी मान हलवली. "सात पानं मांडायची आसली तर सैपाक आठाचा. तळ दिसंपर्यंत वाढणारं घर माजं न्हवं." आणि नुसता आकडाही चालणार नव्हता. "तासभर शर्यतीत पळणारं सांगू नगंस. दिवसभर औताला टिकणारं दाव."

जाळीच्या पत्र्यावर बक्कळ आकडा लिहिलेला होता, पण शौकतभाईंनीच सांगितलं, हा आकडा थोडा वेळ पेलतो, मग धापा टाकतो. तो बाद. मग चोवीस व्होल्टचा एक डबा ते आतून काढून घेऊन आले. "ह्यो बघा. व्होल्ट जास्त म्हंजे वायरीतनं करंट कमी जातोय, वायर तापत न्हाई. माल एक नंबर."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं. अण्णांनी मात्र विचारलं, "समद्यांच्या चार्जरला चालतंय चोवीस?"

"नव्यांना चालतंय. जुना, स्वस्तातला आसला तर बाराच खातोय. चोवीस दिलं तर जळणार त्यो."

"मग बाराच दे. पंगतीत तिखट टाकताना, ज्येचं पोट नाजूक त्येच्याकडं बघून टाकायचं."

असा तो बारा व्होल्टचा, दिवसभर आठशे वॅट पेलणारा काळा रेडा आमच्या वाट्याला आला. शौकतभाईंनी त्याला जाडजूड वायरी जोडल्या, लाकडी फळीवर लाल-काळ्या सॉकेटच्या आठ जोड्या बसवल्या आणि बजावलं, "आठ म्हंजे आठ. नववा लावलासा तर ह्यो रुसून बंद पडणार, समद्यांस्नी घेऊन." अण्णांनी आठव्या जोडीला चुन्याचं बोट लावलं. हे पाहुण्याचं पान. इथं घरचं कुणी बसायचं नाही.

घरी नेऊन चालू केला, तर आतला पंखा असा गर्जला की शेडमधली कबुतरं जी उडाली, ती म्हणे थेट कोल्हापुरात उतरली. अण्णांच्या मंडळी, पद्माक्का, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी डब्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"एक घोरणारा हाय की घरात. दुसरा कशाला आणलासा?"

"त्यो फकस्त दिवसा घोरतोय अक्का," अण्णा म्हणाले. ते स्वतःच्या बायकोलाही अक्काच म्हणत. सगळं गाव म्हणायचं, मग आपण वेगळे कशाला, असा हिशेब.

पद्माक्कांनीच मला लेकीच्या लग्नातली गोष्ट सांगितली. यजमानानं शेवटी जेवायचं, हा अण्णांचा दुसरा नेम. त्या दिवशी पंगतीवर पंगती उठल्या, पाहुणे येतच राहिले, अण्णा वाढतच राहिले. शेवटची पंगत उठली आणि अण्णांनी पश्चिमेकडं हात लांबवला, तर मोजायला सूर्यच नव्हता. दोन नेम समोरासमोर आले आणि मध्ये अण्णांचं पोट सापडलं. वधूपिता पाण्याचा घोटही न घेता झोपला. "आन् सकाळी," अक्का म्हणाल्या, "लाडू किती खाल्लं इचारा." मी विचारलं. अण्णांनी आभाळाकडं पाहिलं.

पाच-सहा वर्षं त्या खळ्यावर शर्यत झाली. आम्ही साताऱ्याकडचे आणि ते सांगलीकडचे, दरवर्षी एकमेकांना शिव्या देत, एकाच फळीवर चार्जर लावून जेवायचो. पेटी कधी आमच्याकडं, कधी त्यांच्याकडं. अण्णांकडं एकदाही नाही. त्यांचं चालवणं म्हणजे मोकळ्या खळ्यावर एकच खांब असला, तर बेदाणा बरोबर त्याच्यावर जायचा. "स्वतःच्या शेडातलं बेदाणं एकदा जिकून खायाचं हायती," असं ते म्हणायचे. "इकत घेतल्याली, पिकीवल्याली समदी चव बघितली. जिकल्याली बघायची ऱ्हायलीया."

मग एका वर्षी मिरजेच्या डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. अण्णांनी मला ते फोनवर सांगितलं, बागेत कीड पडल्याचं सांगावं तशा आवाजात. "कडा गेल्या बघ हणमा. मधलं दिसतंय, पायपातनं बघितल्यागत. आसलेलं टिकंल म्हणत्यात, गेलेलं येत न्हाई. लांबच्या वळणाला गाडी गेली की गाडी न्हाई न् वळण न्हाई. औंदा शेवटची. औंदा बेदाणा पैला आणायचा, मग रिमोट ठिवला."

मी हे सगळ्यांना सांगितलं. त्या वर्षी आमच्यात असं गुपचूप ठरलं, की कुणी फार नेटानं चालवायचं नाही. अण्णांना सांगायचं नाही आणि बेदाणा पहिला येऊ द्यायचा. आम्ही इतके थोर नव्हतो कधी, पण मे महिन्याच्या उन्हात माणूस वितळतो.

शर्यतीच्या दिवशी दुपारभर सराव झाला. अण्णा लांबच्या वळणावर पद्माक्कांना उभं करून चालवत होते. अक्का पिवळं लुगडं नेसून आल्या होत्या, मुद्दाम. पिवळं दिसलं की डावीकडं वळायचं. आणि खरं सांगतो, बेदाणा त्या दिवशी खांब चुकवत होता. बैलगाड्याच्या शर्यतीत निशाण टाकणारा माणूस आम्ही बोलावला होता, हलगी होती, गुलाल होता. दिवस एक बोट उरला की खरी फेरी, त्याआधी सगळ्या बॅटऱ्या भरायच्या. अण्णांनी हात लांबवला. "चार बोटं दिवस. बसा जेवाय."

आठही सॉकेटं भरली. सात आम्ही नेहमीचे आणि चुना लावलेल्या जागी कऱ्हाडचा एक कंपाउंडर, पहिल्यांदाच आलेला. काळा रेडा गर्जू लागला. चार्जरच्या पाट्यांवर आकडे चढू लागले. एवढ्यात खळ्याच्या तोंडाशी मोटारसायकल थांबली आणि घामानं निथळणारा एक माणूस उतरला. पाठीला पोतं, पोत्यात गाडी. दुष्काळी माण तालुक्यातले, दहिवडीकडचे पोपटराव. मुंबईत नोकरीला, गावी सुट्टीवर आलेले, कुणाकडून तरी ऐकून निघालेले. वाटेत दोनदा पंक्चर झालेली.

"झाली का ओ शर्यत?" त्यांनी विचारलं. "ब्याटरी पार कोरडी हाय माजी. आमच्या माणातल्यागत."

सगळे त्या आठ सॉकेटांकडं बघत होते. लोणंदचा आमचा एक गडी म्हणाला, "सगळ्यांचा करंट जरा जरा कमी करू. नऊ बसतील."

अण्णांनी हिशेब बोटांवरच केला. "तीन बोटात भरत्यात त्या आत्ता. कमी केलं तर साडेतीन, चार. कुणाचीच भरायची न्हाई."

"मग दुसरी पंगत लावू की अण्णा," मी म्हणालो. "आम्ही उठलो की पोपटराव बसतील. तासभर उशीर."

"दुसरी पंगत अंधारात बसंल. माज्या खळ्यावर अंधारात कुणी जेवत न्हाई."

"आवं, ब्याटरीला काय धर्म असतोय व्हय?"

"ब्याटरीला नसंल. मला हाय."

आणि फळीवर चाचपत, सॉकेटं एक एक मोजत, त्यांनी पहिली जोडी धरली आणि ओढली. ती बेदाण्याची. चार्जर एकदा पीं करून गप्प झाला.

"या पाव्हणं. बसा."

मी त्यांचा हात धरला. आमचं सगळं गुपित माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. "अण्णा, तुमची शेवटची हाय! माझी काढतो. मी पुढच्या वर्षी पळवीन."

"तू बी पाव्हणाच न्हवं का रं, उंब्रजचा?" ते म्हणाले. "पाव्हण्याच्या म्होरलं ताट वडून दुसऱ्या पाव्हण्याला देऊ? माजा बाप वर बसून काय म्हणंल? सोड हात."

एक बोट दिवस उरला तेव्हा निशाण पडलं. बेदाणा रिकाम्या पोटी शेडच्या पायरीवर बसला होता आणि त्याच्या शेजारी अण्णा. आता अण्णांना जिंकवायचा प्रश्न उरला नव्हता, त्यामुळं आमच्यातले जुने पशू जागे झाले आणि आम्ही जीव तोडून गाड्या सोडल्या. माझी गाडी पहिल्या वळणावर अशी उडाली, की खाली यायच्या आत मी तिचे दोन स्पेअर पार्ट मनातल्या मनात ऑर्डर केले. ती पडली पाण्याच्या घागरीत. आणि पहिले कोण आले? पोपटराव. अण्णांच्या सॉकेटवर जेवून.

हलगी वाजली, गुलाल उडाला. अण्णांनी स्वतः उठून पेटी पोपटरावांच्या हातात दिली. मी धुसफुसत पायरीवर येऊन बसलो.

"तुमचं ताट खाल्लं, आन् पेटी बी घेऊन चालला त्यो."

"जेवला न्हवं पोटभर?" अण्णा म्हणाले. मग जरा जवळ सरकले. "हणमा, त्येचं त्वांड कसं झालं हुतं रं, पैला आला तवा? मला न्हाई दिसलं. निसता गलका आला कानावर. सांग की."

आता सांगणं हे माझं काम. मी सांगितलं. म्हणालो, अण्णा, पोपटरावाचं तोंड असं उघडलं, की त्यात आख्खी द्राक्षाची पेटी मावली असती. डोळे असे, की माणमधल्या दोन विहिरी भरल्या असत्या. टोपी उडाली, ती लाजेनं परत यायला तयार होईना. तो नाचला, त्याच्या पोत्यानं नाच केला, निशाणवाल्याला त्यानं उचलला आणि कुठं ठेवला ते अजून सापडत नाही.

अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबलो, तसं त्यांनी पश्चिमेकडं हात लांबवला. अर्धं बोट उरलं होतं.

"लांबव की अजून जरा," ते म्हणाले.

अण्णा जाऊन आता सहा महिने झाले. हिवाळ्यातली दुपार, जेवण झालेलं, खळ्यावर खुर्ची टाकून बसले होते, बसल्या जागी गेले. अक्का म्हणतात, तीन बोटं दिवस शिल्लक होता. यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही.

शर्यत बंद पडेल असं वाटलं होतं, पण यंदाच्या मेमध्ये अक्कांचाच फोन आला. गेलो. खळं सारवलेलं, फळी मांडलेली, काळा रेडा पुसून ठेवलेला. आठव्या जोडीला ताजा चुना. अण्णांनी रिमोट ठेवल्यापासून त्यांच्या जागेवर पोपटराव बसतात, दरवर्षी येतात, येताना माणची बाजरी आणतात. अक्कांनी पश्चिमेकडं हात लांबवला. त्यांची बोटं बारीक, शेवग्याच्या शेंगांसारखी. "सहा बोटं दिवस," त्या म्हणाल्या, आणि आम्ही मनातल्या मनात त्याची चार केली.

चार्जर लागले. पाहुण्याच्या जागीही कुणीतरी बसलं. पंखा गर्जायला लागला आणि तेवढ्यात खळ्याच्या तोंडाशी एक रिक्षा थांबली. जतकडचे कुणी मास्तर उतरले. काखेत गाडी, चेहरा पडलेला. "उशीर झाला का हो? चार्जिंगचं काही..."

पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही. मी माझ्या वायरीला हात घातला. त्याच क्षणी लोणंदच्यानं त्याची ओढली. पोपटरावांनी त्यांची, कंपाउंडरनं त्याची, सांगलीच्यांनी त्यांच्या. पाहुण्याच्या जागी बसलेल्या त्या नवख्यानंही, काही न कळता, सगळे ओढताहेत म्हणून ओढली. आठही चार्जर एकदम पीं करून गप्प झाले. फळी मोकळी. काळा रेडा एकटाच गर्जत राहिला, कुणाला वाढू कुणाला नको असा.

पद्माक्कांनी रिकाम्या फळीकडं पाहिलं, आमच्या हातातल्या वायरींकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसत होत्या की काय ते मला तेवढं दिसलं नाही.

"आरं मुडद्यानो," त्या म्हणाल्या, "समदीच यजमान झालासा, तर जेवणार कोण?"